सर्किट डायग्राम नसलेला २३ चॅनलचा जुना सीबी रेडिओ कसा दुरुस्त करावा

अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन्स बँड (सीबी), म्हणजे लोकांनी आपापसांत बोलण्याचा रेडिओपट्टा, सर्वसामान्यांसाठी खुला झाला, तेव्हा त्यात २३ चॅनल होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकचालकांनी हा रेडिओ उचलून धरला आणि मागणी इतकी वाढली, की जपानमधल्या मोजक्या कारखान्यांतले सेट असंख्य अमेरिकन नावांनी विकले जाऊ लागले. १ जानेवारी १९७७ पासून चॅनल ४० झाले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला २३ चॅनलच्या नव्या सेटची विक्रीही बंद झाली. लहान ब्रँड उठून गेले आणि त्यांची सर्व्हिस मॅन्युअलंही त्यांच्याबरोबर गेली. आज कुणाला माळ्यावर, अमेरिकेतल्या एखाद्या इस्टेट सेलमध्ये (जुन्या घरसामानाच्या विक्रीत) किंवा हॅमफेस्टमध्ये (हौशी रेडिओवाल्यांच्या जत्रेत) असा सेट मिळाला, तर नावावरून शोधून बहुधा काहीच हाती लागत नाही.

तरीही हे सेट दुरुस्त होतात, कारण त्यांची मुख्य माहिती आतल्या क्रिस्टलच्या (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागाच्या) पत्र्यावर छापलेली असते. ती वाचता आली की अर्ध्या बिघाडांची जागा बोर्डाला हात न लावता सांगता येते. इथे लिहिलेलं सगळं १९७० च्या दशकातल्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या, ट्रान्झिस्टरच्या, एएम सेटबद्दल आहे. व्हॉल्व्हच्या बेस स्टेशनमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात. त्यात या लेखाच्या भरवशावर हात घालू नका.

काय काय लागेल

- करंट लिमिट असलेला १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय, किमान ३ अँपिअर
- डिजिटल मल्टिमीटर
- तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न आणि डिसोल्डरिंग विक
- २४ मेगाहर्ट्झपासून पुढे ऐकणारा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर)
- हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं एसआय५३५१ चं छोटं मॉड्यूल आणि ते चालवायला आर्डुइनो
- प्लास्टिकचा ट्यूनिंग पेचकस
- ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर)

डमी लोड विकत घ्यायची गरज नाही. १ किलोओहम, १ वॉटचे २० कार्बन किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा; बरोबर ५० ओहम आणि २० वॉट होतात. पायांची लांबी शक्य तितकी कमी ठेवा. वायरवाऊंड रेझिस्टर मात्र चालत नाहीत. ते म्हणजे गुंडाळलेली कॉइलच, २७ मेगाहर्ट्झला त्यांचा ५० ओहमशी काही संबंध राहत नाही. हा सगळा माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतो.

१. आधी ओळख पटवा

झाकणं काढा आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे, सगळ्या वायरींचे आणि चॅनल स्विचच्या मागचे फोटो घ्या. चॅनल स्विचचे फोटो चार कोनांतून हवेत. तिथली एखादी वायर तुटली तर दुसरा पुरावा मिळत नाही.

नावाची पाटी विसरा आणि बोर्डावरचा क्रमांक शोधा. सेट विकणारा एक आणि बनवणारा दुसरा, असा हा धंदा होता. पीटीबीएमने सुरू होणारा क्रमांक सायबरनेट या जपानी कंपनीच्या बोर्डाची खूण आहे. त्याच बोर्डाचा दुसऱ्या नावाने विकला गेलेला भाऊ सापडला, तर त्याचा डायग्राम तुमच्या सेटला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. अमेरिकेत सॅम्स फोटोफॅक्टच्या सीबी मालिकेत त्या काळच्या बऱ्याच सेटचे डायग्राम छापले गेले होते. त्यातही ब्रँडऐवजी बोर्डाचं आणि ट्रान्झिस्टरांचं साम्य पाहा.

ट्रान्झिस्टरवर नुसतं सी१३०६ असं दिसेल. जपानी पद्धतीत पुढचं २एस गाळतात, म्हणजे तो २एससी१३०६. त्यांच्या लहान ट्रान्झिस्टरांचे पाय बहुधा एमिटर, कलेक्टर, बेस या क्रमाने असतात. आपल्याकडच्या बीसी५४७ चा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर. पर्यायी ट्रान्झिस्टर सरळ भोकांत घातला की तो चालत नाही, आणि मग नसलेला बिघाड दिवसभर शोधत बसावं लागतं.

२. पॉवर देण्याआधी

लाल आणि काळ्या वायरीमध्ये डायोड मोडवर मोजा. आत उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड असतो. कधीकाळी कुणी बॅटरी उलटी लावली असेल, तर तो शॉर्ट होऊन बसलेला असतो आणि सेट दर वेळी फ्यूज उडवतो. दोन्ही दिशांना शून्याजवळ आकडा आला, तर त्या डायोडचा एक पाय सोडवून पुन्हा मोजा. जागी १एन४००४ लावला तरी चालतो. फ्यूजच्या जागी तार घातलेली सापडली, तर बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या जळल्या आहेत का हे आधी बघा.

काळी वायर आणि चॅसिस यांच्यात कंटिन्युइटी आहे का, तेही तपासा. ज्या सेटमध्ये चॅसिस वेगळी ठेवली आहे, तिथे मीटरची काळी पिन चॅसिसला लावून घेतलेली सगळी व्होल्टेज फसवी येतात.

मुख्य वीजेवर चालणारा अमेरिकन बेस सेट असेल, तर तो ११७ व्होल्टचा आहे. आपल्या २३० च्या सॉकेटला लावलात तर ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर वापरा, किंवा आतल्या १२ व्होल्टच्या बाजूला बाहेरून सप्लाय द्या.

३. पहिली वीज

अँटेनाच्या सॉकेटला डमी लोड लावा आणि दुरुस्ती संपेपर्यंत तो काढू नका. करंट लिमिट ३०० मिलिअँपिअरवर ठेवा. असा सप्लाय नसेल, तर स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब लाल वायरीत सिरीजमध्ये टाका. बल्ब भक्क पेटला म्हणजे आत शॉर्ट आहे.

सेट धड असेल तर रिसीव्हवर, आवाज बंद असताना, साधारण दोनशे ते तीनशे मिलिअँपिअर जातात. त्यातला चांगला वाटा डायलच्या दिव्याचाच असतो. ट्रान्समिटवर एक ते दीड अँपिअर, म्हणून बोलून बघण्याआधी लिमिट तेवढं वाढवा.

दिवा लागला पण आवाज नाही? बोर्डाला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. माइक लावला आहे का? बऱ्याच सेटमध्ये स्पीकरचं ग्राउंड माइकच्या बटणातून जातं. माइक काढला की सेट मुका. दुसरं, पीए (नुसता लाउडस्पीकर) आणि सीबीचा स्विच पीएकडे नाही ना. तिसरं, बाहेरच्या स्पीकरचा जॅक. त्याच्या आतली पत्ती गंजली की आतला स्पीकर तुटतो. एक प्लग दहा-वीस वेळा आतबाहेर केला की बहुधा जोड परत येतो. मृत म्हणून विकले गेलेले कितीतरी सेट या तिघांपैकी एकाचे बळी असतात.

मूळ माइक हरवला असेल तर सॉकेटच्या मागून वायरी शोधत जा. स्पीकरकडे जाणारी एक, ऑडिओच्या पहिल्या ट्रान्झिस्टरकडे जाणारी शिल्डेड एक, रिले किंवा ट्रान्समिटच्या स्विचिंगकडे जाणारी एक, आणि ग्राउंड. पिनांची मांडणी प्रत्येक ब्रँडची वेगळी असते, म्हणून बाजारातला तयार माइक अंदाजाने लावू नका.

४. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर

पन्नास वर्षांत यांतलं द्रव सुकतं. आवाज बारीक येतो, घरघर येते, मॉड्युलेशन (सिग्नलवर आवाज चढवणं) पडतं. म्हणून मोजत न बसता सगळे बदलणं मला योग्य वाटतं. बाकी कुठल्याही भागाबाबत मी हा सल्ला देणार नाही. क्षमता तीच ठेवा, व्होल्टेज एक पायरी वर घ्या: १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअसचा. टँटलमचे थेंबासारखे कॅपॅसिटरही याच फेरीत काढा. ते बिघडले की शॉर्ट होतात. सिरॅमिक चकत्या आणि पॉलिस्टायरिनचे पारदर्शक कॅपॅसिटर तसेच राहू द्या, कारण ट्यूनिंग त्यांच्यावर बसवलेलं असतं.

एका वेळी एकच काढा आणि लगेच नवा लावा. काही बोर्डांवर अधिकची बाजू छापलेली असते, काहींवर उणेची, आणि काही ठिकाणी छपाईच चुकलेली असते. जुना कॅपॅसिटर ज्या दिशेने बसला होता, तीच खरी मानावी.

बोर्ड तपकिरी कागदी फिनॉलिकचा असतो. त्यावर तापलेला आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवला की तांब्याची पट्टी सोलून वर येते. ३२० अंशांच्या आसपास ठेवा आणि कॅपॅसिटरचा पाय ओढून काढू नका.

५. क्रिस्टलचं गणित

या कामाचा गाभा हाच. २३ चॅनलसाठी प्रत्येकी दोन म्हटले तर ४६ क्रिस्टल लागले असते. खर्च वाचवण्यासाठी १४ क्रिस्टलच्या बेरजा-वजाबाक्यांतून सगळे चॅनल तयार करत. सर्वात जास्त दिसणारी मांडणी अशी, आकडे मेगाहर्ट्झमध्ये:

- पहिला गट, दोन्हीकडे वापरला जाणारा: ३७.६००, ३७.६५०, ३७.७००, ३७.७५०, ३७.८००, ३७.८५०
- दुसरा गट, फक्त ट्रान्समिटचा: १०.६३५, १०.६२५, १०.६१५, १०.५९५
- तिसरा गट, फक्त रिसीव्हचा: १०.१८०, १०.१७०, १०.१६०, १०.१४०

चॅनल १ वर बोलताना ३७.६०० मधून १०.६३५ वजा होतात आणि २६.९६५ मिळतात. ऐकताना तोच ३७.६०० अँटेनाकडून आलेल्या २६.९६५ शी मिसळून १०.६३५ तयार करतो, त्यातून १०.१८० गेले की ४५५ किलोहर्ट्झची आयएफ (रिसीव्हरच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) उरते. पहिल्या गटातला एक क्रिस्टल ओळीने चार चॅनल सांभाळतो, दुसऱ्या-तिसऱ्या गटातला प्रत्येक क्रिस्टल दर चौथ्या चॅनलला येतो.

आता कागद घ्या आणि २३ चॅनल एकेक करून ऐका, मग डमी लोडवर एकेक करून बोला. जे चॅनल मेले आहेत त्यांची रचनाच दोषी क्रिस्टल दाखवते.

- ९, १०, ११, १२ ऐकायलाही नाहीत आणि बोलायलाही नाहीत: ३७.७०० गेला.
- १, ५, ९, १३, १७, २१ फक्त ऐकू येत नाहीत: १०.१८० गेला.
- ४, ८, १२, १६, २०, २३ वर फक्त ट्रान्समिट नाही: १०.५९५ गेला.
- सगळेच चॅनल मेले: क्रिस्टल निर्दोष आहेत. ऑसिलेटरचा (क्रिस्टलवरून फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटचा) ट्रान्झिस्टर किंवा त्याचा सप्लाय बघा.

२२ आणि २३ च्या मध्ये स्विचवर एक कोरी जागा असते, तिथे सेट गप्प असेल तर तो बिघाड नाही. गणिताने तिथे २७.२३५ येतो, जो २३ चॅनलच्या काळात यादीत नव्हता. पुढे तोच २४ वा चॅनल झाला.

क्रिस्टलला दोषी ठरवण्याआधी चॅनल स्विच साफ करा, कारण स्विचचा एक गंजलेला काँटॅक्ट हुबेहूब हीच लक्षणं देतो. काँटॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारा आणि स्विच दोन्ही दिशांना भरपूर फिरवा. गंजलेल्या नटबोल्टसाठीचं तेल इथे नको. त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. त्यानंतरही दोष राहिला तर त्याच गटातले दोन क्रिस्टल एकमेकांच्या जागी लावा. दोष क्रिस्टलबरोबर सरकला तर क्रिस्टल, जागेवर राहिला तर स्विच किंवा वायर.

मेलेल्या क्रिस्टलच्या जागी एसआय५३५१ वरून तीच फ्रिक्वेन्सी १० पिकोफॅरडमधून दिली, तर त्याचे सगळे चॅनल उठायला हवेत. उठले म्हणजे निदान पक्कं. नवा क्रिस्टल मागवताना ३७ मेगाहर्ट्झचे सगळे थर्ड ओव्हरटोन आहेत हे आवर्जून सांगा, नाहीतर चुकीचा कट येईल. स्वस्त मार्ग म्हणजे त्याच मांडणीचा कुठल्याही ब्रँडचा भंगार सेट: एका घावात १४ क्रिस्टल.

तुमच्या सेटमधले आकडे वेगळे असतील तर घाबरू नका. सगळे लिहून काढा आणि कुठली बेरीज-वजाबाकी २६.९६५ ते २७.२५५ मध्ये किंवा त्यापासून ४५५ किलोहर्ट्झवर पडते ते शोधा. कागद-पेन्सिलने हे सुटतं.

६. रिसीव्हर

स्पीकरकडून अँटेनाकडे, मागे मागे जा. आवाजाच्या पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) मधल्या पायाला पेचकसाचं टोक लावलं की गुणगुण यायला हवी. आली तर ऑडिओ ठीक. मग एसआय५३५१ वरून ४५५ किलोहर्ट्झ शेवटच्या आयएफ ट्रान्झिस्टरच्या बेसला, मग त्याच्या आधीच्याला. मॉड्यूलचं आउटपुट जवळजवळ तीन व्होल्टचं असतं, ते लहान कॅपॅसिटर आणि रेझिस्टरमधून अगदी थोडंच जाऊ द्या.

सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसतात. चालू ऑसिलेटर मात्र वेगळा आकडा दाखवतो. क्रिस्टल काढल्यावर आकडा बदलला तर तो झुलत होता असं समजा. आवाजात विजेसारखी कडकड येत असेल आणि अँटेना काढूनही थांबत नसेल, तर आयएफच्या डब्याच्या बुडाशी असलेल्या कॅपॅसिटरवर संशय घ्या.

७. ट्रान्समीटर

पॉवर मोजायला डमी लोडवर १एन४१४८ डायोडचा अॅनोड, कॅथोडपासून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरड, आणि त्यावर मल्टिमीटर. आलेल्या व्होल्टमध्ये ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा: हे झाले वॉट. ४ वॉटला मीटर १९.४ च्या आसपास दाखवतो. हा आकडा माइकमध्ये न बोलता घ्या. सेटच्या तोंडावरचा मीटर शोभेचा समजावा.

पॉवर अजिबात नसेल तर आधी ड्रायव्हर (फायनलला सिग्नल पुरवणारा ट्रान्झिस्टर) तपासा, मग फायनल (अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर). एएम सेटचा फायनल क्लास सी मध्ये चालतो, म्हणून ड्राइव्ह नसताना त्याच्या बेसवर शून्य व्होल्ट असणं बरोबरच आहे. त्याचा पत्रा कलेक्टरला जोडलेला असतो, त्यामुळे खालची अभ्रकाची चकती फाटली की सप्लाय थेट चॅसिसला शॉर्ट होतो. पर्याय म्हणून २एससी१९६९ सुचवला जातो, पण त्याच्या नकला बाजारात अमाप आहेत. नकली नग गरम होतो आणि दोन वॉटच्या वर जात नाही.

बोलल्यावर पॉवर वर उसळायला हवी. खाली पडत असेल तर ड्राइव्ह अपुरा आहे. कॅरिअर (आवाजाशिवायचा नुसता सिग्नल) आहे पण आवाज जात नाही, अशा वेळी हे लक्षात ठेवा की स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायरच मॉड्युलेशन करतो. स्पीकर छान वाजतो म्हणजे दोष माइक, त्याचा प्रीअॅम्प्लिफायर किंवा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या गुंडाळीत आहे.

एसडीआरने फ्रिक्वेन्सी बघताना डोंगल सेटला जोडू नका, जळेल. बोटभर वायर टेबलावर पडलेली पुरते. परवानगी ०.००५ टक्क्याची, म्हणजे साधारण १.३५ किलोहर्ट्झ इकडे-तिकडे. स्वस्त डोंगलची स्वतःची चूकही एवढीच असू शकते, म्हणून आधी तो माहीत असलेल्या स्टेशनवर जुळवून घ्या.

८. कोअर फिरवायचे असतील तर

कोअर म्हणजे कॉइलच्या आतले फेराइटचे फिरते पेच. त्यांचं काम सगळ्यात शेवटी. बंद सेटचे कोअर फिरवणाऱ्याला पुढे दोन दोष शोधावे लागतात: मूळचा आणि स्वतः केलेला. लोखंडी पेचकस वापरू नका. फेराइट तडकतं आणि कॉइलमध्ये अडकून बसतं. मेण असेल तर हेअर ड्रायरने हलकं गरम करा. प्रत्येक कोअरची मूळ स्थिती पेनाने खूण करून ठेवा आणि किती वेढे फिरवला ते लिहा. पाव वेढ्यात फरक पडला नाही तर परत मूळ जागी आणा.

रिसीव्हरसाठी चॅनल १२ वर अगदी क्षीण सिग्नल द्या. जोरकस सिग्नलवर एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) फरक लपवतं. ट्रान्समिटचे कोअर चॅनल १२ वर जास्तीत जास्त पॉवरला बसवा, मग १ आणि २३ वर पॉवर सारखी येते का पाहा आणि गरज पडली तर थोडी तडजोड करा.

अँटेना सॉकेटजवळच्या एका कॉइलला अजिबात हात लावू नका. ती ५४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकचा (दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या नको असलेल्या सिग्नलचा) ट्रॅप आहे, तो सिग्नल अडवते. अमेरिकेत टीव्हीचं २ नंबरचं चॅनल तिथूनच सुरू होतं, म्हणून ती बसवलेली असे. ती फिरवून मीटरवर अर्धा वॉट वाढलेला दिसतो, तो बहुधा हार्मोनिकचाच असतो.

९. अँटेना आणि नियम

भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा ५ वॉट ईआरपीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो. २३ चॅनल २७.२५५ ला संपतात, म्हणजे हा जुना सेट पूर्ण त्या पट्ट्यात बसतो. ४० चॅनलच्या सेटचे २८ पासून पुढचे चॅनल बाहेर पडतात. ईआरपी म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी पॉवर, ती डायपोलच्या (दोन सारख्या तारांच्या साध्या अँटेनाच्या) तुलनेत मोजतात. म्हणून ४ वॉट साध्या डायपोलवर मर्यादेत राहतात, दिशादर्शक बीमवर नाहीत. अँटेनाबाबतच्या अटी आणि परदेशातून सेट मागवण्याचे नियम दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या चालू अधिसूचनेत वाचूनच पुढे जा. कस्टममध्ये अडकलेला सेट सोडवणं दुरुस्तीपेक्षा अवघड. अमेरिकेत असाल तर एएमची मर्यादा ४ वॉट, आणि ९ वा चॅनल आणीबाणीसाठी मोकळा ठेवायचा.

डायपोलची प्रत्येक बाजू २.६३ मीटर येते. कापताना दहा सेंटिमीटर जास्त ठेवा. १ आणि २३ या दोन्ही चॅनलवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) मोजा. १ वर कमी आणि २३ वर जास्त असेल तर तार लांब आहे, दोन्ही बाजूंनी सेंटिमीटर-सेंटिमीटर कापा. उलट असेल तर लांबी वाढवावी लागेल. दोन्ही टोकांना १.५ च्या आत आला की पुरे.